ट्रेलर उचलताना जॅक दर वेळी तिरका होतोय? चाक-ब्रेकचं काम काढण्याआधी हे बघा

ट्रॅव्हल ट्रेलरचं चाक काढायला जॅक लावायचा आणि अर्ध्या उंचीवर गेला की जॅक कलायला लागायचा, हा प्रकार माझ्याकडे लागोपाठ तीन वर्षं झाला, आणि तिन्ही वेळा मी जॅकलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी तर ६ टनांचा टाकून १२ टनांचा आणला, म्हटलं आता बघू. तोही तस्साच कलला. जॅकमध्ये काहीच खोट नव्हती हे कळायला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

आम्ही डॅलसजवळ राहतो. ट्रेलर २६ फुटी, दोन अ‍ॅक्सल म्हणजे एका बाजूला दोन चाकं, पाट्यांवरचा म्हणजे लीफ स्प्रिंगचा, जुनाच घेतलेला. तिकडे भारतात ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकावरचं छोटं घर, आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. याच्या बेअरिंगांना १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल तेव्हा, उघडून साफ करून ग्रीस भरायचं असतं आणि त्याच वेळी ब्रेकही बघून घ्यायचे. त्यामुळे वर्षातून एकदा तरी चारही चाकं जमिनीवरून उचलणं आलंच. बाहेर द्यायचं तर उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही, म्हणून घरीच करतो.

तिसऱ्या वर्षी काय झालं ते सांगतो. ड्राइव्हवेवर ट्रेलर, पिकअप सोडवलेली, पुढचं तोंड, म्हणजे टंग, टंग जॅकवर उभं. डाव्या बाजूला जॅक लावला, टायर जमिनीपासून बोटभर सुटला असेल नसेल, आणि ठण्ण असा आवाज आला. फ्रेम जॅकच्या टोकावरून घसरली, ट्रेलर दोनेक इंच खाली बसला आणि जॅक आडवा पडून माझ्या बुटापासून हातभर लांब गेला. चाक अजून काढलं नव्हतं म्हणून वाचलो. चाक काढलेलं असतं तर ड्रम थेट काँक्रीटवर आणि माझा हात कुठे असता देव जाणे. फ्रेमच्या काळ्या रंगावर जॅकच्या टोकाने चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा काढलेला आहे, तो मी मुद्दाम रंगवला नाही.

त्या दिवशी काम बंद केलं, चहा केला आणि तो ओरखडा नीट बघितला. टोक सरळ मागे घसरलेलं नव्हतं, तिरकं घसरलं होतं, थोडं मागे आणि थोडं बाहेरच्या बाजूला. म्हणजे ट्रेलर एकाच वेळी दोन दिशांनी सरकला होता. मग एकेक कारण शोधत गेलो.

मागे-पुढे सरकण्याचं कारण सोपं निघालं, आणि लाज वाटावी इतकं सोपं. ड्राइव्हवेला पावसाचं पाणी रस्त्याकडे जावं म्हणून उतार असतोच, डोळ्याला दिसत नाही, पण स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा पार कडेला. आणि ट्रेलरला हँडब्रेक नसतो. ब्रेक असतात ते इलेक्ट्रिक, ड्रमच्या आतल्या लोहचुंबकाला पिकअपमधून करंट गेला तरच लागणारे, नुसता उभा असताना चाकं मोकळीच. तेव्हा ट्रेलर जागेवर धरून ठेवतात ती फक्त चाकाखाली लावलेली उटी, आणि मी उटी कुठल्या चाकांना लावली होती? ज्या बाजूला मी उभा होतो त्याच बाजूच्या, डाव्या. तीच चाकं वर उचलली, म्हणजे उटीचा उपयोग संपला, आणि उजवीकडची दोन चाकं गोल फिरायला मोकळी. गावाकडे उसाच्या ट्रॉलीखाली दगड टाकायला मी सहावीत शिकलो होतो, इथे येऊन कारखान्यात बनलेल्या पिवळ्या रबरी उट्या विकत घेतल्या आणि चुकीच्या बाजूला लावल्या.

काही लोक ब्रेकअवे स्विचची पिन ओढून ब्रेक लावून ठेवतात, ते करू नका. ती पिन ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून आहे, पार्किंगसाठी नाही, बॅटरी उतरते आणि चुंबक तापतात, आणि बॅटरी उतरली की ब्रेक सुटले, तेही तुम्ही खाली वाकलेले असताना.

आता आडवं सरकण्याचं कारण, हे जास्त लोकांच्या लक्षात येत नाही आणि जॅक तिरका व्हायचं खरं मूळ हेच आहे. आपल्याला वाटतं आपण ट्रेलर सरळ वर उचलतोय. तसं नसतं. एक बाजू उचलली की पूर्ण ट्रेलर पलीकडच्या चाकांवर कलतो, दार बिजागरीवर फिरावं तसा. मग आपण जॅक लावलेली जागा वर जाता जाता पलीकडच्या बाजूला, म्हणजे आत, सरकते. माझ्या ट्रेलरला हिशोब केला, फ्रेम जमिनीपासून २० इंच, पलीकडची चाकं साधारण ७५ इंच लांब, फ्रेम ५ इंच उचलली तर ती जागा जवळजवळ दीड इंच आत जाते. माझा जॅक बाटली जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा, त्याचं बूड मात्र जिथल्या तिथे. बूड बाहेर, डोकं आत, जॅक तिरका, आणि एका ठरावीक कोनानंतर डोकं सुटतंच. आत जाणाऱ्या फ्रेमने टोक मागे बाहेर सोडलं म्हणून तो ओरखडा बाहेरच्या दिशेने. १२ टनांचा जॅक आणून यात काय फरक पडणार होता? वजनाचा प्रश्नच नव्हता, माझा ट्रेलर पूर्ण भरून ७,५०० पौंड, त्यातलं टंगवरचं काढलं तर एका बाजूला ३,३०० पौंड, म्हणजे दीड टन. ६ टनांचा आरामात पुरतो.

गॅरेजमधला चाकांचा लांबडा फ्लोअर जॅक असेल तर तो उचलताना स्वतः थोडा सरकून हे जुळवून घेतो, त्याची चाकं त्यासाठीच असतात. पण ती चाकं गुळगुळीत काँक्रीटवरच फिरतात, खडीवर किंवा मातीत रुतली की तो जॅक बाटली जॅकपेक्षाही वाईट. आणि डांबरावर तर टेक्ससच्या उन्हात दुपारी काहीच लावू नका, डांबर मऊ होतं आणि स्टँडचे, म्हणजे उचललेल्या फ्रेमखाली ठेवायच्या लोखंडी टेकूचे, पाय लोण्यात सुरी जावी तसे आत जातात. खाली फूटभर चौरस जाड प्लायवूडचा तुकडा हवाच.

जॅक लावायचा कुठे यावर लोक हमरीतुमरीवर येतात, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो, फ्रेमवर. अ‍ॅक्सलच्या नळीवर अजिबात नाही. कारच्या मागच्या जाड अ‍ॅक्सलखाली जॅक लावलेला बघितलेला असतो म्हणून हात तिकडेच जातो, पण ट्रेलरचा अ‍ॅक्सल म्हणजे पोकळ नळी, ३,५०० पौंडांच्या अ‍ॅक्सलची नळी जेमतेम २ पूर्णांक ३/८ इंच व्यासाची, आणि तिला कारखान्यातच मध्ये किंचित वर बाक दिलेला असतो. तो बाक बिघडला की चाकाचा कोन बिघडला, मग टायर एका कडेने खात राहणार आणि तुम्ही टायरवाल्याला दोष देत बसणार. डेक्स्टर कंपनीच्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की अ‍ॅक्सल किंवा सस्पेन्शनच्या कुठल्याही भागावर ट्रेलर उचलू नका आणि टेकवूही नका. बरेच जुने जाणते लोक पाट्याखालच्या यू बोल्टच्या प्लेटला जॅक लावतात, तिथे लावलं की पाटे लोंबत नाहीत, कमी उंचीत चाक सुटतं, सोयीचं आहे हे खरं. पण ती प्लेट सपाट नसते, बोल्टांची टोकं खाली आलेली असतात, त्यावर जॅकचं गोल डोकं म्हणजे लिंबावर ताट ठेवल्यासारखं. मी नाही करत.

फ्रेमवर म्हणजे नेमकं कुठे तर पाट्याचं टोक जिथे फ्रेमला लटकवलंय ते हँगर असतात, पुढच्या हँगरच्या थोडं पुढे आणि मागच्या हँगरच्या थोडं मागे. तिथे फ्रेमवर तसाही रोज भार येतो. फार लांब, कोपऱ्याकडे गेलात तर फ्रेम वाकते, वरच्या भिंतीला ताण येतो, दार घासायला लागतं. आणि माझ्यासारखी फ्रेम आय बीमची असेल तर खालच्या पट्टीच्या कडेला नाही, बरोबर मधल्या उभ्या पत्र्याखाली डोकं आलं पाहिजे, कडेला लावलं तर पट्टी दुमडते. लोखंडावर लोखंड घसरतं म्हणून मध्ये कडक लाकडाची पातळ फळी किंवा जुन्या टायरचा तुकडा घालतो. तीस सेकंदांचं काम आहे, आणि तो ओरखडा त्या तीस सेकंदांच्या आळसाचा आहे.

मग पुढची अडचण येते, जॅक पुरा वर आला तरी टायर जमिनीवरच. यात जॅक छोटा आहे असं वाटतं, पण फ्रेम वर जाते तसे पाटे सैल होत जातात आणि चाक खालीच राहतं, सुरुवातीचे तीन-चार इंच तर नुसते पाटे मोकळे व्हायलाच जातात. इथे लोक जे करतात ते भयंकर आहे, जॅकखाली विटा, जॅकच्या वर लाकडाचा तुकडा, त्यावर आणखी एक तुकडा. उंची वाढवायची असेल तर ती खालून वाढवा, ६ बाय ६ इंचांचे सरळ लाकडी ओंडके, दोन असे आणि त्यावर दोन आडवे, आणि वर प्लायवूड. पोकळ सिमेंटचे ब्लॉक बिलकुल नको. लाकूड मोडण्याआधी करकरतं, चेपतं, सांगतं तरी, सिमेंटचा ब्लॉक काही न सांगता एकदम फुटतो.

कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर, म्हणजे कात्रीसारखे उघडणारे टेकू, हा आणखी एक सापळा. ते आत चालताना ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलायला नाहीत. दुसऱ्या वर्षी मी उजवीकडचे दोन्ही खाली सोडून ठेवले, म्हटलं आधार होईल, आणि डावी बाजू उचलली तर ट्रेलर उजवीकडे कलला, सगळा भार त्या काटकुळ्या कात्रीवर आला आणि तिचा एक हात वाकला. उचलण्याआधी चारही वर. स्लाइड, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत. पाण्याची टाकी रिकामी, माझी ४० गॅलनची आहे, भरलेली असली तर दीडशे किलो पाणी आत डचमळतं. आणि ट्रेलरमध्ये माणूस नको हे घरच्यांना ओरडून सांगा, एकदा फ्रेम जॅकवर असताना आमचे चिरंजीव चार्जर शोधायला आत गेले, पायरीवर पाय पडल्याचा हादरा मला जॅकच्या दांड्यातून हाताला लागला.

आता मी कसं करतो ते. पहिलं म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवतो, पिकअप पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला. नुसत्या टंग जॅकवर उभा ठेवला तर अ‍ॅक्सलच्या पुढे उचललं की टंगवरचं वजन कमी होतं, खालचा पाय हलका पडून सरकतो, मागे उचललं तर उलट वजन पुढे येतं. मग उटी पलीकडच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, ठोकून. दोन टायरच्या मध्ये अडकवायची एक्स आकाराची उटी असते ती जास्तीची म्हणून लावा, तेवढ्यावर भागवू नका. मग चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा-अर्धा आटा सैल करतो, वर उचलून टॉमीवर जोर लावायचा म्हणजे ट्रेलर स्वतःच ढकलून पाडायचा.

आणि उचलायचं एका दमात नाही. डावीकडे दोन इंच, लगेच फ्रेमखाली स्टँड सरकवला. जॅक सोडला, सरळ केला, परत लावला, परत दोन इंच, स्टँड एक दात वर. जॅक दर वेळी नव्याने उभा सरळ सुरू होतो, त्यामुळे तो दीड इंच एकदम साठतच नाही, हाच सगळ्या प्रकरणावरचा उतारा. पुढच्या हँगरपाशी एकदा, मागच्या हँगरपाशी एकदा असं आलटून पालटून. दर वेळी दोन पावलं मागे जाऊन जॅक दोन बाजूंनी बघायचा, समोरून आणि कडेने, जवळून तिरका जॅक सरळच दिसतो. जरा कललेला वाटला की खाली. अजून दोन पंप बसतील असा विचार मनात आला की समजा आता थांबायची वेळ झाली.

चाक सुटलं की भार स्टँडवर, जॅक फक्त टेकलेला. एका बाजूला दोन स्टँड, पुढे एक मागे एक. आमच्या शिरोळकडे मिस्त्री लोक यांना घोडी म्हणतात. त्याची क्षमता वाचताना लेबल नीट वाचा, कधी ती एका स्टँडची असते तर कधी जोडीची. आणि दात पूर्ण बसलेत का ते हाताने हलवून बघा, २०२० मध्ये अमेरिकेत ३ आणि ६ टनांचे लाखो स्टँड परत मागवले होते, दाते नीट अडकत नव्हते आणि भाराखाली स्टँड खाली बसत होते. माझ्याकडचे त्यानंतरचे आहेत, पिनवाले, पिन आरपार गेलेली डोळ्याला दिसते. सगळं झालं की ट्रेलरला खांद्याने ढकलून बघतो, बऱ्यापैकी जोरात. पडायचा असेल तर माझा हात आत नसतानाच पडू दे.

हे सगळं काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, त्यांनी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या ओढल्यात. त्यांनी सगळं बघून एवढंच विचारलं, काढलेलं चाक कुठाय? भिंतीला टेकवून ठेवलं होतं. म्हणाले, "तिथं काय पूजा करतोस का त्याची? चेसिसखाली सरकव आडवं." तेव्हापासून काढलेलं चाक फ्रेमखाली जातं. सगळंच फसलं तरी ट्रेलर त्या चाकावर बसेल, माणसावर नाही.

आता उचललाच आहे तर आतलं काम, थोडक्यात. ड्रम काढण्याआधी चाक वर-खाली धरून हलवून बघा, खुळखुळलं तर बेअरिंग सैल, हाताने फिरवून कान द्या, करकर आली तर ते बदलाच. ड्रम उघडल्यावर लायनरवर ग्रीस दिसलं तर धुवून पुसून चालणार नाही, शोषलेलं असतं, तापलं की परत बाहेर येतं. माझ्याकडे हेच निघालं, आणि कारण मीच, बाहेरून निपलमधून ग्रीस भरायची सोय आहे म्हणून गन जोरात दाबत होतो, ते मागच्या सीलमधून ड्रमात गेलं. हळू भरायचं आणि चाक फिरवत भरायचं. ऑइल सील दर वेळी नवीन. ब्रेकची पूड हवेने उडवू नका, छातीत जाते, क्लीनर मारून ओली करून पुसा. बेअरिंगचा नट ड्रम फिरवत फिरवत ५० फूट पाउंडपर्यंत घट्ट करायचा म्हणजे सगळं जागेवर बसतं, मग ड्रम न फिरवता सैल करायचा, मग नुसत्या बोटांनी आवळायचा आणि काटा पिन घालायची, जुनी नाही, नवीन. घट्ट नट म्हणजे चांगलं काम असं इथे नाही, घट्ट ठेवलात तर शंभर मैलांत हब हात लावायच्या लायकीचा राहत नाही.

एक प्रश्न हमखास येतो, रस्त्यात पंक्चर झालं तर एवढा कुटाणा कोण करणार. दोन अ‍ॅक्सलवाल्यांची युक्ती असते, चांगलं चाक लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवायचं की शेजारचं पंक्चर चाक आपोआप हवेत. चालतं कधीकधी, पण त्या बाजूचा सगळा भार एका टायरवर येतो, माझ्या हिशोबात ३,३०० पौंड, आणि माझ्या १५ इंची टायरवर लिहिलंय २,५४० पौंड. ट्रक सुसाट जातायत, मोकळं होऊन पळायचंय, दहा मिनिटांसाठी कोणी केलं तर मी नावं ठेवणार नाही. ब्रेक उघडायला मात्र नाही, तिथे तास-दोन तास जातात आणि तेवढा वेळ ट्रेलर एकाच टायरवर.

खाली घेताना चाक परत लावून नट हाताने आणि मग पान्याने हलकेच बसवायचे, स्टँड काढायला लागेल तेवढंच उचलायचं, जॅकचा व्हॉल्व्ह पाव आट्यापेक्षा जास्त उघडायचा नाही, आणि परत सगळं टप्प्याटप्प्याने, घाई बहुतेक इथेच होते. पूर्ण टॉर्क जमिनीवर आल्यावर, समोरासमोरचे नट, अर्ध्या इंचाच्या स्टडला ९० ते १२० फूट पाउंड, तेही तीन फेऱ्यांत वाढवत. मग १०, २५ आणि ५० मैलांवर परत तपासायचे. यंदा २५ मैलांवर पेट्रोल पंपावर पाना लावला तर मागच्या डाव्या चाकाच्या दोन नटांनी पाव-पाव आटा घेतला, बायको म्हणाली एवढं करून पण सैल? म्हटलं आटा घेतला म्हणूनच तर तपासतोय, तू चहा आण.